आधी अंधार, मग मेणबत्ती

कोल्हापुरातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. घरात नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. घराणं चार पिढ्यांपासून प्रॉटेस्टंट. नाताळला घरावर चांदणी लागते, करंज्या होतात, कॅरलवाले येतात. ईस्टरला मात्र पहाटेची भक्ती, दुपारी मटण आणि मग झोप. "आपल्या ईस्टरला नक्की करायचं काय असतं?" असं मुलीनं विचारलं, म्हणून ताईंनी गेल्या वर्षी व्हिडिओ बघून शनिवारी रात्री हॉलमध्ये मेणबत्त्या लावल्या. धाकटा घाबरेल म्हणून ट्यूबलाईट चालूच ठेवली. त्यानं "हॅप्पी बर्थडे" म्हणत सगळ्या फुंकून टाकल्या, थोरलीच्या हातावर मेण सांडलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "मेणबत्त्या हे रोमन कॅथलिक लोकांचं, आपल्यात नाही." नवऱ्याचं म्हणणं, येशू वधस्तंभावर मेला त्या शुक्रवारचे खिळे आणि रक्त मुलांना हवंच कशाला, थेट तो पुन्हा उठला त्या रविवारचा आनंद करू. ताई विचारतात, पुन्हा करून बघावं की नाद सोडावा? करायचं तर नीट कसं करतात?

ताई,

तुमच्या मुलाचं काही चुकलेलं नाही. चार वर्षांच्या आयुष्यात त्यानं मेणबत्ती केकवरच पाहिलीय, आणि केकवरची मेणबत्ती फुंकायचीच असते. पूर्वी लाईट गेली की आई चाचपडत मेणबत्ती शोधायची, काडी पेटायची आणि अख्खं घर त्या एका ज्योतीभोवती गोळा व्हायचं. आता लाईट गेल्याचं इन्व्हर्टर कळूच देत नाही. त्यामुळे उजेड ही मिळणारी गोष्ट असते, तिची वाट बघावी लागते, हे या पिढीला घरात कधी कळतच नाही. ट्यूबलाईटखाली लावलेली मेणबत्ती त्याला केकची वाटली, यात नवल ते काय!

म्हणून तुमच्या पत्रातली एक समजूत आधी तपासून बघू. मेणबत्त्या लावल्या की मुलांना ईस्टर कळेल, असं तुम्ही धरून चाललात. पण या विधीत जास्त काम अंधार करतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडा. मरिया मग्दालिया कबरेकडे निघाली तेव्हा अजून अंधारच होता, हे पहिल्याच ओळीत आहे. पुनरुत्थानाची गोष्ट सुरूच काळोखात होते. तो काढून टाकला तर हातात उरते ती रोषणाई. ती नाताळलाही असते आणि दिवाळीत शेजारीपाजारी तुमच्यापेक्षा जास्त असते.

तुमच्या यजमानांची काळजी खोटी नाही. मुलांना खिळे आणि रक्त दाखवूच नये. चार वर्षांच्या मुलासमोर वधस्तंभाचे सिनेमे लावणं हा शुद्ध आततायीपणा आहे. पण रक्त टाळायचं म्हणून मरणच गाळायचं, हे जरा जास्त होतं. जो मेलाच नाही तो उठला म्हणजे काय झालं? मूल हे विचारत नाही, पण त्याला गोष्टीत भोक दिसतं. आणि शुक्रवार त्याच्यापासून लपतही नाही, कारण चर्चमध्ये सगळे गंभीर चेहऱ्यानं बसलेले त्याला दिसतातच. न सांगितलेल्या गोष्टीची भीती सांगितलेल्या गोष्टीपेक्षा मोठी असते.

सांगताना तीन गोष्टी सांभाळा. "येशू मेला" असंच म्हणा, "झोपला" म्हणू नका. या वयाची मुलं शब्द शब्दशः घेतात, आणि मग रात्री झोपायलाच तयार होत नाहीत. दुसरं, "यहुद्यांनी मारलं" हे वाक्य आपल्याकडे सहज तोंडातून जातं, ते टाळा. येशू स्वतः यहूदी, त्याची आई यहूदी, शिष्य यहूदी. वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती आणि हुकूम रोमी सुभेदार पिलाताचा होता. तिसरं, गोष्ट शुक्रवारी संपत नाही हे धाकट्याला शुक्रवारीच सांगून ठेवा. रहस्य राखायची गरज नाही. शेवट माहीत असलेली गोष्ट मुलं जास्त आवडीनं ऐकतात.

आता शुक्रवारची रात्र. पाश्चात्त्य चर्चमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात 'टेनेब्रे' नावाची जुनी उपासना आहे. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ काळोख. त्रिकोणी दिवठणावर १५ मेणबत्त्या लावतात, एकेका स्तोत्रानंतर एकेक विझवतात, आणि शेवटची न विझवता आड नेऊन लपवतात. घरात १५ ची गरज नाही. पाच पुरतात, आणि पाचांहून जास्त झाल्या तर धाकटा तिसऱ्यालाच पेंगेल. सगळं मिळून वीस मिनिटांत आटपायला हवं.

एका परातीत दोन इंच जाड वाळूचा थर घाला आणि त्यात पाच मेणबत्त्या रोवा, दोन मेणबत्त्यांमध्ये चार बोटं तरी अंतर ठेवून. जवळ लावल्या तर शेजारणीच्या धगीनं मऊ होऊन वाकतात, आणि मार्च-एप्रिलच्या उकाड्यात तर लवकरच. वाळूमुळे त्या कलंडत नाहीत आणि ओघळही तिथेच जिरतो. पंखा बंद करा. पंख्याखाली ज्योत एका बाजूला झुकते, त्याच बाजूचं मेण वितळतं आणि काठ फुटून ओघळ सुरू होतो. पंखा बंद म्हणजे घाम आलाच, म्हणून सूर्यास्तानंतर तासाभरानं बसा. या दिवसांत कोल्हापुरात सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो, तेव्हा साडेसात-पावणेआठची वेळ बरी.

खोली खरंच काळोखी करा. दिवा बंद केल्यावर मिनिटभर नुसतं बघत राहा, किती उजेड उरलाय ते कळेल. राऊटरचे हिरवे ठिपके, टीव्हीचा लाल डोळा, इन्व्हर्टरचा आकडा, पडद्याच्या फटीतून येणारा रस्त्यावरचा दिवा. ते सगळं झाका. मोबाईल दुसऱ्या खोलीत जाऊ दे. काळोखाला डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून पहिली काडी ओढण्याआधी चार-पाच मिनिटं अंधारात बसा, धाकटा बाबांच्या मांडीवर. तेवढ्या वेळात त्याला सगळं सांगून टाका: पाच मेणबत्त्या लागणार, एकेक विझणार, शेवटची विझणार नाही, ती बाबा बाहेर नेणार, मग लगेच लाईट लावायची. पुढे काय होणार हे माहीत असलेलं मूल अंधाराला भीत नाही, उलट मोजत बसतं.

वाचनं लूककृत शुभवर्तमानातूनच घ्या, म्हणजे पुस्तक चाळत बसावं लागत नाही. अध्याय २२ मधल्या ३९ ते ४६ ओव्या जैतुनाच्या डोंगरावरच्या, जिथे मित्र झोपी गेले. ४७ ते ५३ चुंबन आणि अटकेच्या. ५४ ते ६२ शिष्य पेत्राच्या, तो अंगणातल्या विस्तवापाशी बसून "मी त्याला ओळखत नाही" म्हणतो. मग अध्याय २३ मधल्या ४४ ते ४६, तेव्हा भर दुपारी अंधार पडतो. शेवटी ५० ते ५६, कबर. खिळ्यांचं वर्णन यात कुठेही नाही, हे यजमानांना जरूर दाखवा. वाचन मुलीकडे द्या. नऊ वर्षांचं मूल अडखळत वाचतं तेव्हा मोठे जास्त नीट ऐकतात.

विझवायचं काम धाकट्याचं, पण फुंकून नाही. फुंकलं की वातीभोवतीचं वितळलेलं मेण उडतं, आणि वाढदिवसही परत आठवतो. लांब दांड्याची फोडणीची पळी घ्या, साबणानं घासून पूर्ण कोरडी केलेली, कारण तेलकट पळी ज्योतीवर धरायची नसते. ती उलटी करून ज्योतीवर दोन-तीन सेकंद टोपीसारखी धरायची. हवा तुटते, ज्योत आपोआप जाते, वर पांढऱ्या धुराची एक रेघ उठते. तुमचा हात त्याच्या हातावर असू द्या. एवढ्या जबाबदारीचं काम मिळालेलं मूल फुंकत नाही.

पाचवी मेणबत्ती यजमानांनी हातात धरून दुसऱ्या खोलीत न्यावी आणि दार लोटून घ्यावं. दाराखाली उजेडाची एक पट्टी दिसत राहते. तिच्याकडे बघत वीस-तीस सेकंद गप्प बसायचं. जुन्या विधीत इथे पुस्तक आपटून मोठा आवाज करतात. धाकटा असल्यानं यंदा तो वगळा. मग लाईट लावा. थोरली नक्की विचारेल, ती मेणबत्ती रविवारपर्यंत जळत राहणार का? खरं सांगा: विझवली, कारण पेटती मेणबत्ती सोडून कुणी झोपायचं नसतं. तीच रविवारी पहिली लागेल. चमत्कार झाल्याचं नाटक मुलांपुढे करू नये. पुढे मोठेपणी ते उघडं पडतं आणि त्याच्याबरोबर नको त्या गोष्टीही खोट्या ठरतात.

शनिवारी काहीच करू नका. पाचवी मेणबत्ती विझलेलीच टेबलावर उभी राहू दे. लूकच्या वाचनाची शेवटची ओळही तीच आहे, स्त्रियांनी शब्बाथाच्या दिवशी विश्रांती घेतली. रोज काहीतरी 'ॲक्टिव्हिटी' लागणाऱ्या मुलांना हा रिकामा दिवस चांगलाच जड जातो. जाऊ द्या.

आता सासूबाई. त्यांना चुकीचं ठरवायची घाई नको, कारण त्यांच्या म्हणण्यामागे इतिहास आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही शहरात आहे. त्यांचं काम पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. तिथे वेदीवरचे दिवे, धूप, मूर्ती यांचं वावडं होतं. पण पूर्ण इतिहास त्याहून गमतीचा आहे. त्या काळच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत ईस्टर पाळणंच फारसं रूढ नव्हतं, नाताळही नाही. म्हणजे केवळ 'मिशनऱ्यांनी दिलं तेच आपलं' म्हणायचं ठरवलं तर पहाटेची भक्तीही जाईल आणि चांदणीही. आणि ती पहाटेची भक्ती आली कुठून? जर्मनीतल्या हर्नहूट गावच्या मोरेव्हियन पंथाच्या तरुणांनी १७३२ मध्ये ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात जाऊन गीतं गायिली, तिथून ती प्रथा प्रॉटेस्टंट जगात पसरली. मुलांच्या हातात लाल फीत बांधलेली मेणबत्ती देण्याची चालही मोरेव्हियनांचीच. जर्मनीतल्याच मारियनबॉर्नला १७४७ च्या नाताळच्या सुमारास ती सुरू झाली. मोरेव्हियन पक्के प्रॉटेस्टंट, लूथरच्याही आधीचा धर्मसुधारक यान हुस याच्या परंपरेतले.

मात्र हे सगळं सासूबाईंना ऐकवून वाद जिंकू नका. त्यांची खरी अडचण कदाचित मेणबत्तीशी नसेलच. मेणबत्तीपुढे हात जोडले जातील, पूजा होईल, ही भीती असावी. तेव्हा ज्योतीपुढे नमस्कार करायचा नाही, ती वाचायला उजेड देते आणि गोष्ट सांगते, बस, एवढं आधीच ठरवून घ्या. आणि शुक्रवारचं पहिलं वाचन त्यांच्याकडे द्या, बाकीची मुलीकडे. वीज नव्हती तेव्हा घरातले वडीलधारे पहाटेच्या भक्तीला कशाच्या उजेडात जायचे, हेही मुलांदेखत विचारा. उत्तर कंदील असो, बत्ती असो की चांदणं, ते त्यांच्याच तोंडून आलेलं बरं.

चांदण्यावरून एक सांगून ठेवतो, थोरलीला आवडेल. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान फिरतो. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च. ही पौर्णिमा कधी जोतिबाच्या यात्रेची चैत्री असते, २०२६ सारखी, तर कधी होळीची, २०२७ सारखी. ज्या आठवड्यात रस्त्यावरून "चांगभलं" करत सासनकाठ्या जातात, त्याच आठवड्यात आपला पवित्र सप्ताह का येतो, याचं उत्तर आकाशात आहे. यहुद्यांचा वल्हांडण सणही पौर्णिमेचाच, त्यामुळे येशूला धरून नेलं त्या रात्री जैतुनाच्या डोंगरावर चंद्र जवळजवळ पूर्ण होता. शुक्रवारी मेणबत्त्या झाल्यावर मुलीला गच्चीवर नेऊन चंद्र शोधायला लावा. उशिरा उगवत असेल तर तेही तिला नोंदवू द्या.

रविवारी तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहाटेची भक्ती की घरी? चार वर्षांच्या मुलाला साडेचारला उठवून नेलं तर तो तिथे झोपतो, आणि झोपला म्हणून तुम्हाला अपराधी वाटतं. थोरलीला भक्तीला न्या, तिच्यासाठी अंधारात निघणं हाच सोहळा आहे. कपडे रात्रीच काढून ठेवा, निघताना एक केळं आणि अर्धा कप दूध द्या, कारण उपाशी मुलाला पहाटे गीतं सुचत नाहीत. धाकट्यासाठी शनिवारी संध्याकाळी सातच्या पुढे घरीच करा. त्यात पळवाट काही नाही. यहूदी गणनेत दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो आणि कॅथलिक चर्चची पुनरुत्थानाची जागरण-उपासनाही शनिवारी रात्रीच होते. मग 'शनिवारी काहीच नाही' हे सूर्यास्तापर्यंतच पाळायचं. सगळ्यांना एकत्रच बसायचं असेल तर रविवारी पहाटे सहाला गच्चीवर बसा. सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान उगवतो, त्यामुळे सुरुवात झुंजुमुंजूला होते आणि शेवट उजेडात. गच्चीवर वाऱ्यानं मेण ओघळतं, त्यावर उपाय चहाचा कागदी कप.

कपाच्या बुडाला मधोमध फुलीसारखी चीर द्या आणि मेणबत्ती खालून वर सरकवा. कपाचं तोंड ज्योतीकडे. ओघळ कपात साठतो, मुलाची मूठ कपाखाली सुरक्षित राहते. ज्योत मात्र कपाच्या काठापासून किमान दोन इंच वर हवी, नाहीतर कागद पेट घेईल. मेणबत्ती तेवढी खाली आली की विधी संपला असं आधीच ठरवा. पेन्सिलीएवढ्या बारीक मेणबत्त्या भराभर जळतात, म्हणून आदल्या दिवशी एक पेटवून घड्याळ लावून बघा. वात पाव इंचाहून लांब असेल तर कापा. लांब वात काजळी धरते, ज्योत मोठी होते आणि मेण धावतं.

आणि आता थोरलीच्या हातावर मेण का सांडलं ते. ज्योत देताना तिनं पेटलेली मेणबत्ती तिरकी केली असणार, सगळेच करतात. पेटलेलीच्या टोकाला वितळलेल्या मेणाचं तळं असतं, ती वाकली की ते ओतलं जातं. नियम उलटा आहे: पेटलेली सरळ उभी राहते, न पेटलेली वाकून तिच्याकडे येते. मागणाऱ्यानं वाकायचं. चर्चमध्ये शंभर लोक ज्योत पुढे देतात तेव्हाही हाच नियम पाळतात. दिवसा न पेटवलेल्या मेणबत्त्यांनी चार वेळा सराव करून घ्या, मुलांना तो खेळच वाटतो.

धाकट्याच्या हाती यंदा बॅटरीची मेणबत्ती द्या, पुढच्या एक-दोन वर्षांनी खरी. ईस्टरचा नवा फ्रॉक नेटचा किंवा नायलॉनचा असेल तर तो ज्योतीपाशी नको, सुती कपडे घाला. केस बांधा, ओढणी खोचा. एक बादली पाणी आणि ओला टॉवेल हाताशी ठेवा. भाजलंच तर वीस मिनिटं नळाखाली गार पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद यातलं काही नको. त्वचेवर चिकटलेलं मेण आधी पाण्यानं गार होऊ द्या, ओरबाडू नका. फोड आला किंवा चेहऱ्यावर भाजलं तर डॉक्टरकडे जा.

क्रम साधा आहे. अंधारात बसा. शुक्रवारची पाचवी मेणबत्ती पेटवा. "ख्रिस्त उठला आहे!" असं सासूबाईंनी म्हणावं, बाकीच्यांनी "खरोखर उठला आहे!" एकाकडून दुसऱ्याकडे ज्योत जाऊ द्या, मग योहान अध्याय २०, पहिल्या १८ ओव्या वाचा. मरिया उठलेल्या येशूला माळी समजते, ही जागा मुलांना फार आवडते. थांबून हसू द्या त्यांना. शेवटी सगळ्यांना पाठ असलेलं एक गीत, एकच.

शुक्रवारची मेणबत्ती बारीक असेल तर तिच्यावरून एक जाड मेणबत्ती पेटवता येईल, पुढच्या पन्नास दिवसांसाठी. ईस्टर एका दिवसात संपत नाही, पेंटेकॉस्टपर्यंत चालतो, आणि कॅथलिक चर्चमध्ये वेदीपाशी मोठी 'पाश्काची मेणबत्ती' त्या काळभर लागते. तिच्यावर क्रूस, अल्फा व ओमेगा ही ग्रीक लिपीतली पहिली-शेवटची अक्षरं, वर्षाचे चार आकडे आणि धुपाचे पाच खडे असतात, येशूच्या पाच जखमांचे. घरी दाभणानं क्रूस आणि साल कोरा आणि रेघांत लाल पोस्टर कलर भरून वरचा रंग लगेच पुसा. अल्फा-ओमेगाच्या जागी मुलगी 'अ' आणि 'ज्ञ' लिहू म्हणाली तर लिहू द्या, अर्थ तोच. धुपाऐवजी पाच लवंगा. गार मेणात लवंग दाबली तर मेणबत्तीला तडा जातो, म्हणून तापवलेल्या दाभणानं तुम्ही भोकं पाडा आणि लवंगा मुलांना बसवू द्या. ज्योत लवंगेपासून दोन बोटांवर आली की ती काढून घ्या, ती दुसऱ्या वातीसारखी पेटते.

जाडीचं गणित मात्र चुकवू नका. तीन-चार इंच जाड मेणबत्ती रोज दहा मिनिटं लावली तर मधे विहीर पडते, काठ तसेच राहतात आणि वात मेणात बुडून मरते. दीड इंच जाडीची घ्या आणि पहिल्या दिवशी वरचा पूर्ण थर वितळेपर्यंत, म्हणजे साधारण दीड तास, जवळ बसून जळू द्या. मग रोज रात्रीच्या जेवणापुरती पुरते. एप्रिलमध्ये अशा मेणबत्त्या दुकानात सहसा नसतात, दिवाळी-नाताळच्या मालातून उचलून ठेवा. पोटमाळ्यावर मात्र ठेवू नका, उन्हाळ्यात धनुष्य होऊन खाली येतील.

नाश्त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. पेत्रानं ओळख नाकारली ती कोळशाच्या विस्तवापाशी, योहान अध्याय १८. तीन अध्याय पुढे, पुनरुत्थानानंतर, किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे आहेत, भाकर आहे, आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा. एवढी मोठी क्षमा आणि वातावरण कसं, तर न्याहारीचं! दुपारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाला धक्का न लावता सकाळी शेगडीवर चार मासे भाजा, भाकरी टाका आणि एकविसावा अध्याय वाचा. त्यात १५३ मासे मोजलेत, थोरली "नेमके १५३ का?" विचारेल. मोठमोठ्या लोकांनी यावर डोकं खाजवलंय, तिलाही खाजवू द्या.

चॉकलेटची अंडी राहू देत, पण एक दिवस घरीही रंगवा. दहा-बारा कांद्यांची साल लिटरभर पाण्यात वीस मिनिटं उकळा, गाळून गार करा, दोन चमचे व्हिनेगर घाला, त्यात सहा अंडी बारा मिनिटं उकडा. तांबूस-तपकिरी रंग येतो. पांढरीच अंडी घ्या, गावरान अंड्यांवर रंग नीट दिसत नाही. फ्रीजमधली अंडी थेट गरम पाण्यात टाकली तर तडकतात. कोथिंबिरीचं पान अंड्यावर ठेवून जुन्या पातळ फडक्यात घट्ट बांधून उकडलं तर पानाचा ठसा उमटतो. या हवेत ती बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. शेजारच्या मुलांना बोलवायचं असेल तर इथे बोलवा, अंडी आणि न्याहारीला, आईवडिलांना आधी विचारून. शुक्रवारचा अंधार घरापुरता ठेवलेला बरा, दुसऱ्यांच्या मुलांना त्याचा अर्थ सांगत बसलात तर तुमचीच मुलं मागे पडतील.

गेल्या वर्षीच्या फ्रॉकवर मेणाचा डाग अजून असेल तर बोथट सुरीनं वरचा थर खरवडा, वर-खाली खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद तेलकट होत गेला की बदला. रंगीत मेणबत्तीचा रंग मात्र कापडात राहतो, म्हणून यंदा पांढऱ्याच घ्या.